कोल्ड स्टोरेजमागचं वळण

४ जानेवारी

भाचेबुवा,

अक्षर ओळखलं असशीलच. ओळखूनही पाकीट फोडलंस, म्हणजे मामाबद्दल तुझं अगदीच वाईट मत नाही असं धरून चालतो.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती. ती दुरुस्त करायला तुझ्या कंपनीचा माणूस आला. मी सहज तुझी चौकशी केली. म्हणाला, "लिफ्टचे दोर तपासतात ते साहेब ना? फार शांत माणूस." शांत! आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना, असं मी त्याला दोनदा विचारलं. नंबर त्यानेच दिला. फोनवर तू मला दोन अटी घातल्यास. पुन्हा फोन करायचा नाही, आणि तू कुठे राहतोस ते आईला सांगायचं नाही. दोन्ही मान्य. पत्र लिहू नकोस असं काही तू म्हणाला नाहीस, आणि पत्ता मी त्या माणसाकडून आधीच काढून घेतला होता.

बातमी अशी की तुझ्या आईला पुरस्कार मिळतोय. शहरातर्फे वर्षातून एकालाच देतात तो. धाकटा गेल्यावर पदयात्रा सुरू केल्याबद्दल, आणि त्या निधीतून हॉस्पिटलमध्ये मुलांच्या वॉर्डशेजारी पालकांसाठी ज्या खोल्या उभ्या राहिल्या त्याबद्दल. मार्चच्या पहिल्या रविवारी पदयात्रा आहे. ती संपते त्या हॉस्पिटलच्या फाटकापाशीच स्टेज बांधून तिथे पुरस्कार देणार आहेत.

कळवायला पदयात्रा कमिटीचा सचिव स्वतः पत्र घेऊन आला, तेव्हा ताई फरशी पुसत होती. तिने पत्र वाचलं, घडी घालून खिडकीत ठेवलं आणि उरलेली फरशी पुसली. मी म्हटलं, "अगं, अभिनंदन तरी करू दे." तर म्हणाली, "ओल्यात पाय ठेवू नकोस."

तू का गेलास ते मला माहीत आहे. मी तिथेच होतो. पदयात्रा संपल्यावर तू पाण्याच्या टेबलामागे पेले भरत होतास आणि वर स्टेजवर निवेदक म्हणाला, "एकुलत्या एका मुलाला गमावूनही ही आई थांबली नाही." त्यानंतर माइक ताईच्या हातात आला. तिने सगळ्यांचे आभार मानले. खुर्च्या पुरवणाऱ्याचेसुद्धा मानले. त्या वाक्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. तू पेला खाली ठेवलास आणि निघून गेलास. त्याला आता सात वर्षं होतील.

मी कोणाची बाजू घेत नाही. मी कवळ्या बनवणारा माणूस. वरचं आणि खालचं एकमेकांवर नीट बसतं की नाही, एवढंच बघतो. तू ये असंही म्हणत नाही, कारण ताईने तसं म्हटलेलं नाही. फक्त एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून सांगतो. परवा तुझा विषय मी मुद्दामच काढला, तर तिने असा जबडा आवळला की खालची कवळी तडकली. मी बनवलेली कवळी अशी तडकत नाही.

मामा

१९ जानेवारी

भाचेबुवा,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत नाहीये, नुसतं सांगतोय.

काल ताईकडे कमिटीची बैठक झाली. सगळं घोडं अडलंय ते मार्गावर. पाहुणे घड्याळाच्या काट्यावर येणार, भाषण करणार, जाणार. लोक वेळेत पोचायला हवेत. आणि आपली पदयात्रा काय करते ते तुला माहीतच आहे. हमरस्त्याने छान चाललेली असते, बेकरी आली की अचानक आत वळते, कोल्ड स्टोरेजच्या मागून, नाल्याच्या कडेने, चिखल तुडवत जाते आणि थोडं पुढे पुन्हा त्याच हमरस्त्याला येऊन मिळते. तिथे वाट एवढी अरुंद की माणसं एकामागे एक होतात, आणि व्हीलचेअरवाल्यांना चौघांनी उचलावं लागतं.

वाहतूक खात्यातून एक तरुण इंजिनियर आला होता. भिंतीवर खात्याचा जुना नकाशा लावून त्याने बोटाने ते वळण गिरवलं आणि विचारलं, "म्हणजे आपण फक्त हे जुनं गॅरेज चुकवायला एवढा फेरा मारतो?" सगळे हसले. ताई हसली नाही.

या वळणाबद्दल लोकांनी काय काय ठरवून ठेवलंय ते ऐकलंस तर तूही हसशील. कोणी म्हणतं, पहिली देणगी कोल्ड स्टोरेजच्या मालकाची होती. कोणी म्हणतं, तिथून हॉस्पिटलचा वरचा मजला दिसतो. शाळेच्या मुख्याध्यापिका तर दरवर्षी मुलांना सांगतात की आयुष्य सरळ नसतं, हे शिकवण्यासाठी ताईंनी ते वळण ठेवलंय. ताईने त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, तिथे चिखल असतो, मुलांना चांगले बूट घालून आणा."

सचिवाने फार नरमाईने घेतलं. म्हणाला, "ताई, या एकाच वर्षापुरतं सरळ जाऊ या. पुढच्या वर्षी परत आपलं आहेच."

"मार्ग बदलायचा नाही," ताई म्हणाली.

"पण कारण काय सांगू मी वर?"

"कारण नको सांगू. पुरस्कार दुसऱ्या कोणाला द्यायला सांग."

इंजिनियरने नकाशा गुंडाळला. मग सचिव उठला, ताईच्या खुर्चीपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "ताई, आम्हाला कळतंय." त्याला काय कळलं कोण जाणे. माझ्या डोक्यात तर काहीच प्रकाश पडला नव्हता. मार्ग आहे तसाच राहिला, पाहुण्यांना अर्धा तास उशिरा बोलावायचं ठरलं आणि बैठक संपली.

लोक गेल्यावर मी विचारलं, तर ताकास तूर लागू देईना. म्हणाली, "कवळी कधी देतोस ते सांग. स्टेजवर मी तोंड मिटून बसू का?"

मामा

२ फेब्रुवारी

भाचेबुवा,

कवळीचं माप घ्यायला ताई आज माझ्याकडे वर्कशॉपमध्ये आली. खरं तर माप डॉक्टरने घ्यायचं, मी नाही, तेव्हा ही गोष्ट दोघांतच ठेव.

तुला आठवत असेल, मापाचा मसाला जबड्यात दाबून बसवला की तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. ताईसमोर मला न अडखळता बोलायला मिळण्याची आयुष्यातली ही पहिलीच संधी. मी म्हटलं, "आता सांग, ते वळण कशासाठी? देणगीसाठी?" तिने मान हलवली, नाही. "वरचा मजला दिसतो म्हणून?" नाही. "धाकट्यासाठी?" त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी साचा सोडून मागे सरकलो. मग तिने स्वतःच बोट घालून तो साचा उपसून काढला. माप फुकट गेलं.

"तो रस्ता माझा नाहीच," ती म्हणाली. तोंडाला गुलाबी मसाला लागलेला तसाच. "धाकट्याचाही नाही. मोठ्याचा आहे."

मोठा. हा शब्द तिच्या तोंडून मी सात वर्षांत ऐकला नव्हता.

मग एकदा सुरू झाली ती झालीच. तिच्याच शब्दांत लिहितो.

"मी तिकडे धाकट्याच्या उशाशी. यांचं कामाचं गाव लांब, तेव्हाही ते येत नव्हते आणि पुढे तिकडचेच झाले. मोठा शाळा सुटली की शेजारणीकडे जेवतो आणि तिथेच थांबतो, असं मी धरून चालले होते. तर एक दिवस हा वॉर्डच्या दारात उभा. बूट चिखलाने भरलेले. नर्स आत घेईना. मी बाहेर आले ती आधी बुटांवरूनच ओरडले. म्हटलं, सरळ रस्ता सोडून कुठल्या डबक्यातून आलास? म्हणाला, गॅरेजपाशी कुत्रा आहे, मागून आलो."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. बूट हातात घेऊन."

मी तिला तोंड पुसायला रुमाल दिला, तो तिने नुसता धरून ठेवला.

"धाकटा गेला त्या दिवशी कोणीतरी गाडीत बसवून पोचवतो म्हणालं, पण मला गाडीत बसवेना. मी चालत निघाले. मोठा पुढे चालत होता. गॅरेज जवळ आलं तसा वळला आणि मागे बघून थांबला, मी येतेय ना म्हणून. पुढे पहिली पदयात्रा काढायची ठरली तेव्हा लोकांनी विचारलं, ताई, कुठल्या रस्त्याने? मला एकच रस्ता ठाऊक होता."

यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तूच चालला आहेस. मला मात्र माहीत नव्हतं, आणि मी तर सख्खा भाऊ. तुला कदाचित माहीत नसेल ते एवढंच. त्या गॅरेजच्या जागी आता चष्म्याचं दुकान आलंय, कुत्रा कधीच मेला, आणि तुझी आई अजूनही दरवर्षी शेकडो माणसांना त्या कुत्र्याला चुकवून नेते. आजारी माणसं, म्हातारी माणसं, व्हीलचेअरवाले, सगळ्यांना. नाकासमोर सरळ रस्ता असताना.

इंजिनियर हुशार निघाला म्हणायचा.

माप दुसऱ्यांदा घेतलं. या वेळी मी एक शब्द बोललो नाही.

मामा

१७ फेब्रुवारी

भाचेबुवा,

तुझं कार्ड मिळालं. "कुत्रा कधी मेला?" एवढंच. फारच पाल्हाळ लावलंस बाबा, वाचता वाचता दमलो.

कार्ड ताईला दाखवलं. तुझी अट लक्षात आहे, म्हणून पोस्टाच्या शिक्क्यावर अंगठा ठेवून दाखवलं. तिने ते माझ्या हातातच बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे, शेवटची अक्षरं खाली घसरतात. त्याला कळव, म्हातारा होऊन मेला. गॅरेजवाल्याने तिथेच भिंतीशी पुरला." एवढं बोलून कार्ड मागितलं. मी शिक्का पांढऱ्या रंगाने झाकून दिलं. ते आता तिच्या चष्म्याच्या घरात आहे. चष्मा बाहेर, टेबलावर.

मग मी धीर करून तिला तो प्रश्न विचारला. म्हटलं, "ताई, हे सगळं तुझ्या मनात होतं, तर त्या दिवशी माइक हातात असताना बोलली का नाहीस?"

मला वाटलं होतं, चिडेल. चिडली नाही. भांडी विसळत होती, ती विसळतच राहिली.

"कारण तो माणूस बोलला ते त्या क्षणी मला खरंच वाटलं," ती म्हणाली. "स्टेजवर मला एकच मुलगा दिसत होता, जो गेला तो. दुसरा आहेच असं मी धरून चालले होते. तो पाण्याचे पेले भरतोय, संध्याकाळी खुर्च्या उचलेल, घरी येईल. घरी आले तर त्याची खोली रिकामी. तेव्हा कळलं मी काय केलं ते. मला लाज वाटते, अजून वाटते."

"त्याला सांगू हे?"

"तू कोण सांगणारा? माझं मी सांगेन."

तेव्हा मी तुला हे सांगत नाहीये. फक्त लिहितोय.

आणखी एक. मानपत्राचा मसुदा आलाय, त्यात पहिल्याच परिच्छेदात पुन्हा "एकुलत्या एका मुलाच्या" आहे. मी सचिवाला फोन केला. तो म्हणाला, "मामा, इतकी वर्षं पत्रकावर हेच छापतोय आपण. आणि आता मानपत्र छपाईला गेलं." माणूस वाईट नाही. झोप मोडून काम करतो. पण त्याला ताईचं दुःख तोंडपाठ आहे आणि ताई माहीत नाही. मी ताईला सांगितलं, तर म्हणाली, "छापू दे."

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी तुझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवायला सांगितलीय. ताईनेच सांगितली. येणार नसलास तरी खुर्चीला काही त्रास नाही.

मामा

८ मार्च

भाचेबुवा,

तू आला नाहीस. खुर्चीवर सुरुवातीला मी माझा कोट ठेवला, नंतर एका फोटोग्राफरने विचारून त्याची बॅग ठेवली. राग नाही. झालं ते सांगतो, कारण वर्तमानपत्रात निम्मंच आलंय.

ताई नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे चालत होती. मी तिच्याबरोबर. पुढची माणसं बेकरीपाशी वळली आणि वळणावर थांबूनच राहिली. आम्ही पोचलो तर गर्दीने वाट करून दिली. सचिव पुढे आला, हातात कात्री. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीवर कापडाने झाकलेलं काहीतरी, आणि समोर वाटेवर आडवी फीत. म्हणाला, "ताई, तुम्ही कधी बोलला नाहीत, पण आम्हाला कळलं. मार्गासाठी तुम्ही पुरस्कार सोडायला निघालात त्याच दिवशी कळलं." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने स्वतःच कापड ओढलं.

दगडी फलक होता. वर मोठ्या अक्षरांत "स्मृतिवळण". खाली धाकट्याचं नाव आणि "याच्या चिमुकल्या पावलांच्या आठवणीत". टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापिकांनी डोळ्यांना पदर लावला.

ताई कात्री हातात घेऊन उभी. मला वाटलं, ही आता खाली बसते. मी तिचा कोपर धरला तर तिने सोडवून घेतला.

"हा काढा," ती म्हणाली.

सचिव गडबडला. "ताई, काही चुकलं का?"

"धाकटा या वाटेने कधी चाललाच नाही. त्याला गाडीतून नेलं होतं. ही वाट माझ्या मोठ्या मुलाची आहे, आणि तो जिवंत आहे. जिवंत माणसाच्या वाटेवर कोणी स्मृती लावतं का?"

मागून कोणीतरी विचारलं, "ताई, तुम्हाला दोन मुलं?"

"दोन," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही, कारण मी सांगितलं नाही. हा फलक चुकलाय तो माझ्यामुळे, यांच्यामुळे नाही." आणि कात्री सचिवाच्या हातात परत देऊन तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो बिचारा चिखलात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. फीत तशीच राहिली. लोकांनी ती वर उचलून धरली आणि बाकीचे खालून वाकून गेले.

आता स्टेजचं ऐक. स्टेजवर त्यांनी पांढरा गालिचा अंथरला होता. ताईचे बूट चिखलाने लडबडलेले. पायरीपाशी एक माणूस फडकं घेऊन धावला, पुसून देतो म्हणाला. ताईने त्याला थांबवलं, खाली बसून नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेऊन वर गेली. पाहुण्यांना कळेना, हात मिळवायचा कसा.

मानपत्र वाचलं. "एकुलत्या एका मुलाच्या" वाचलं. माइक ताईकडे आला. तुझ्यासमोर घडलं होतं तसंच सगळं, फक्त पेले भरायला दुसरं कोणी होतं.

ती म्हणाली, "यात एक चूक आहे. मला मुलगे दोन. ही पदयात्रा मी सुरू केली असं यात लिहिलंय, तेही खरं नाही. माझा मोठा मुलगा दहा वर्षांचा असताना रोज एकटा चालत भावाला भेटायला यायचा. मी त्याच्या मागून चालले, आणि तेही आधी ओरडून. संस्थापक म्हणून नाव घालायचं तर त्याचं घाला. सात वर्षांपूर्वी मी याच जागी गप्प बसले. तो इथे नाहीये, म्हणून तुम्हाला सगळ्यांना सांगते, म्हणजे कोणीतरी त्याला सांगेल."

कोणाचे आभार मानले नाहीत. खुर्च्यावाल्याचेसुद्धा नाहीत. नवी कवळी फार छान बसलीय, एकेक शब्द फाटकापर्यंत ऐकू गेला. फोटो पेपरात आलाय तो सोबत जोडतो. एका हातात मानचिन्ह, दुसऱ्यात बूट. खाली छापलंय, "साधेपणाचं दर्शन." छापोत बापडे.

घरी आल्यावर तिने बूट धुतले, वाळत ठेवले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"त्याचा पत्ता दे."

मी म्हटलं, "तुला द्यायचा नाही असं त्याला कबूल केलंय."

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ती भांडली नाही. मान हलवली. म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. मग त्यालाच विचार, मी येऊ का. त्याने नको म्हटलं तर मी परत विचारणार नाही."

मी बरं म्हटलं. ती उठून आत गेली. मग दारापर्यंत परत आली.

"आणि हेही विचार," म्हणाली, "स्टेशनापासून त्याच्या घरापर्यंत वाटेत कुठे कुत्रा आहे का. असला तर कुठून वळायचं ते कळवायला सांग."

तर विचारतोय. दोन्ही उत्तरं तुझ्या एका कार्डात आरामात मावतील.

मामा